पहिल्या ताटाचा मानकरी

माणसाच्या वाट्याला वारशाने काय यावे, याला काही धरबंध नाही. कुणाला आजोबांचे नाक मिळते, कुणाला त्यांचा दमा. थॉर्नहो गावच्या विमंडला वारशाने तीस एकर जमीन, पेअरचे एक म्हातारे झाड आणि 'डॅपिफर' ही पदवी मिळाली होती. यांपैकी जमीन तो कसत असे, पेअर खात असे, आणि पदवी थंडीत घोंगडी पांघरावी तशी पांघरून हिंडत असे. फरक इतकाच, की घोंगडी उन्हाळ्यात उतरवता येते.

मोठ्या सरदारांच्या घरी डॅपिफर म्हणजे सबंध घराचा कारभारी. त्याच्या कमरेच्या किल्ल्या वाजल्या की आचारी सावरून उभे राहतात आणि मांजरेसुद्धा दुधापासून दोन पावले मागे सरतात. थॉर्नहोच्या धन्यांचे घर एवढे मोठे कधीच नव्हते. कारभार कधीच इतरांच्या हाती गेला होता आणि इथल्या डॅपिफरकडे त्या पदाचा मूळ गाभा तेवढा उरला होता: वर्षातून एकदा, संत मायकेलच्या सणाला, गढीच्या मुदपाकखान्यातून पहिले ताट उचलायचे आणि ते घेऊन दिवाणखान्याकडे जायचे. ताटात हंस. हंस म्हणजे कवितेत मान वाकवून पोहणारा नव्हे. खुराड्यातला, फिसकारणारा, लोकांच्या पोटऱ्यांचे चावे घेणारा, आणि अखेरीस भाजल्यावरच सज्जन होणारा. या एका हंसाच्या वाहतुकीबद्दल तीस एकर जमीन.

आणि तेवढेही करावे लागत नव्हते. धनी समुद्रापलीकडे नॉर्मंडीत राहत आणि गढीला चाळीस वर्षे कुलूप होते. विमंडच्या वडिलांनी आयुष्यात एकही ताट उचलले नाही आणि ते अत्यंत सन्मानाने वारले. विमंडनेही वडिलांची ही परंपरा निष्ठेने चालवली. जेवण झाल्यावर तो स्वतःचा वाडगाही उचलत नसे.

"चुलीपासून बाकापर्यंत सात पावलं," त्याची बायको गुन्नोरा म्हणे, "आणि सात पावलांत रस्सा सांडतो तुमच्या हातून. बरंय, धनी समुद्रापलीकडे आहेत. इथं असते तर उपाशी मेले असते."

पण चर्चमध्ये पहिल्या बाकावर त्याची जागा होती. बाजारात लोक 'या डॅपिफर' म्हणत. त्यात थोडी थट्टा असे; पण थट्टा आणि आदर यांच्या सीमेवर कुंपण नसते, आणि विमंड नेहमी आदराच्या बाजूने चालत असे. शिवाय दर वर्षी संत मायकेलच्या दिवशी एल्रिक नावाचा एक म्हातारा त्याच्या दाराशी सुक्या काटक्यांची एक मोळी आणून ठेवी आणि काही न बोलता निघून जाई. एल्रिक गावातला सर्वांत खरा माणूस म्हणून प्रसिद्ध होता, आणि खऱ्या माणसाला असतात तितपतच मित्र त्याला होते. ही मोळी म्हणजे आपल्या पदाला गावाने वाहिलेला नजराणा, असे विमंड समजत असे. म्हातारा मात्र कधी काही समजावत नसे.

मग एका वर्षी नॉर्मंडी गेली; फ्रान्सच्या राजाने ती जिंकून घेतली. राज्ये जातात, आणि दूरवरच्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात एखादे भांडे पडते. आपल्यापर्यंत येतो तो त्याचाच काय तो आवाज. थॉर्नहोपर्यंत तो आवाज पोचला, तो गढीच्या गंजक्या कुलपाचा. तरुण धनी फुल्क पलीकडची सगळी जहागीर गमावून, चार शिकारी कुत्रे, एक आचारी आणि एक कारकून एवढी दौलत घेऊन गावी राहायला आले.

कारकुनाचे नाव सिल्व्हेस्टर. तो दुष्ट नव्हता, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. तो नेमका होता. दुष्ट माणसाला दया येण्याची निदान शक्यता असते. गावात कोण कोणती जमीन कशाच्या बदल्यात धरून आहे याची तो घरोघर जाऊन चौकशी करत होता. लोहार थर्स्टन वर्षाला चार नाल देई. सिगरिथ नावाची एक विधवा योहानाच्या सणाला एक गुलाब देई. सिल्व्हेस्टरने तिला विचारले होते, "कोणत्या रंगाचा?" आणि ती बिचारी तीन दिवस जेवली नव्हती.

विमंडच्या दारात तो आला तेव्हा गुन्नोरा डुकरांना खाणे घालत होती.

"आपण कोण?"

"डॅपिफर," विमंड म्हणाला, आणि पोट आत ओढले.

"कशावरून?"

पन्नास वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विमंडने पेटीतून आजोबांची सनद काढली. उंदरांनी मेणाची मोहोर खाल्ली होती आणि एक कोपराही कुरतडला होता. बाकीचा मजकूर शाबूत होता. लॅटिन उंदरांनाही फारसे झेपत नसावे. सिल्व्हेस्टरने वाचले, "'पहिले ताट, संत मायकेलच्या दिवशी, मुदपाकखान्याच्या आगीपासून…' कुठपर्यंत, ते उंदरांच्या पोटात गेलंय. '…जुन्या रीतीप्रमाणे.' जुनी रीत म्हणजे काय?"

"म्हणजे… जुनीच."

"आपल्याला ठाऊक आहे ना?"

इथे विमंडने 'नाही' म्हणायला हवे होते. दोन अक्षरांत सगळे निभावले असते. पण पलीकडे गुन्नोरा बादली धरून उभी होती, आणि डुकरेसुद्धा खायची थांबली होती असे त्याला वाटले.

"अर्थात ठाऊक आहे! पण ती सांगायची नसते. करायची असते."

"उत्तम," सिल्व्हेस्टर म्हणाला. "मग बारा शेजारी सांगतील, शपथेवर. ते सांगतील ते मी लिहीन. मी लिहीन ते आपण कराल. त्यात कसूर झाली तर जमीन आणि घर धन्यांकडे परत."

"आणि झाड?" विमंडने विचारले.

"झाड जमिनीतच आहे ना? मग तेही."

थर्स्टन लोहार हा विमंडचा बालमित्र. ही बातमी ऐकून त्याने घण खाली ठेवला आणि विमंडच्या खांद्यावर काजळी उमटवत म्हणाला, "तू काळजीच करू नकोस."

माणसाच्या आयुष्यातील बहुतेक संकटांची सुरुवात या वाक्याने होते.

बारा शेजारी गुरुवारी चर्चच्या देवडीत बसले. संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली. या लोकांनी विमंडचा घात केला असे कुणी म्हणू नये. त्यांनी जे केले ते निखळ प्रेमापोटी केले. त्यांचे तर्कशास्त्र सरळ होते: सेवा जितकी भव्य, तितकी ती रद्द करण्याची छाती कोणत्याही धन्याला होणार नाही. नुसता हंस उचलणारा माणूस म्हणजे गडी. गड्याची जमीन काढून घेता येते.

"याचे आजोबा," थर्स्टनने सुरुवात केली, "शिंग फुंकत ताट न्यायचे. माझे आजोबा सांगायचे. पार नदीपर्यंत ऐकू यायचं."

सिल्व्हेस्टरची लेखणी थांबली. "ताट दोन्ही हातांत. मग शिंग कुठल्या हातात?"

"ते…" थर्स्टन क्षणभर अडखळला. "तेच तर त्यांचं कसब, कारकूनसाहेब."

लेफविन चामडी कमावणारा. शिंगाने त्याला हुरूप आला. "आणि हातात पांढरे हातमोजे. कोकराच्या कातड्याचे. कोपरापर्यंत."

"कोपरापर्यंत?"

"जरा वरच. दंडापर्यंत म्हणा ना."

मग दळणवाला ओस्मंड उठला. आधीच्या दोघांपेक्षा आपण विमंडचे कमी हितचिंतक आहोत असे कुणाला वाटू नये, ही त्याला चिंता. "आणि म्हातारा उलट्या पावलांनी चालायचा," तो म्हणाला. "आगीकडे पाठ करायची नाही. आग मुदपाकखान्यात. म्हणून तोंड आगीकडे आणि पाठ दिवाणखान्याकडे."

विमंडच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. ओस्मंडला तो कृतज्ञतेचा वाटला आणि त्याने हळूच डोळा घातला. चौथ्याने एका पायात लाल आणि दुसऱ्यात हिरवा मोजा आणला. पाचव्याने हंसाच्या चोचीत सफरचंद दिले. सहाव्याने ते काढून पेअर ठेवले, आणि यावर दोघांची थोडी बाचाबाची झाली. असे करत करत अकराजणांनी आजोबांना इतके सजवले, की प्रत्यक्ष आजोबा देवडीत आले असते तर नातवाने त्यांना ओळखले नसते.

बारावा एल्रिक. सगळ्यांनी मान वळवली. म्हातारा बराच वेळ अस्थींच्या पेटीकडे पाहत राहिला.

"मला काही आठवत नाही," तो म्हणाला.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

सिल्व्हेस्टरने लिहिले: अकराजणांची साक्ष, बाराव्यास विस्मरण. शाईवर वाळू टाकली. झाले. जिवंत माणसाच्या गळ्यात त्याच्याच मृत आजोबांची थोरवी दगडासारखी बांधली गेली.

"अकरा मित्र!" घरी गुन्नोरा म्हणाली. "एखादा तरी शत्रू ठेवायचा होता गावात. तो शपथेवर म्हणाला असता, 'म्हातारा आला, ताट ठेवलं, गेला.' सुटलो असतो."

"एल्रिकबाबांना आठवायला काय झालं होतं?" विमंड चिडून म्हणाला. "दर वर्षी मोळी आणतात. एक शब्द चांगला बोलता आला नाही!"

"चांगला बोलले असते तर तुमच्या डोक्यावर एखादं पिसांचं टोपडं आलं असतं. उपकार माना."

संत मायकेलला सतरा दिवस उरले होते. या सतरा दिवसांत विमंडचे अंगण ही गावाची पाठशाळा झाली. हंसाच्या जागी नदीतला एक गुळगुळीत धोंडा ताटात ठेवून तो उलट्या पावलांनी चाले आणि कुंपणाला टेकून गाव त्याला सल्ले देई. टाच आधी टेक. टाच आधी टेकू नकोस. डोळे मीट, म्हणजे मागचे दिसते, असे ओस्मंडने सांगितले. त्या प्रयोगात विमंड डुकरांच्या डबक्यात बसला. लेफविनने शपथेला जागून हातमोजे शिवले, पण कोकरू थोर निघाले असावे. त्यांत विमंडचे हात आणि शिवाय गुन्नोराचेही मावले असते. थर्स्टनने एक लोखंडी कडे घडवले. ते गळ्यात अडकवले की त्यावरचे शिंग बरोबर ओठांसमोर येई. आले नाही तर नाकपुडीत जाई.

"कसं वाटतंय?" थर्स्टनने अभिमानाने विचारले.

"बैलासारखं."

"बघ, सवय झालीसुद्धा!"

गढीवर आणखी वेगळे राज्य होते. मुदपाकखाना एका टोकाला, दिवाणखाना दुसऱ्या टोकाला, मध्ये चौऱ्याऐंशी पावलांचे उघडे आवार. आचारी म्हणाला, ताट त्याचे आहे. त्याच्या दाराबाहेर जायचे तर लेखी हुकूम हवा. तो मिळाला. कुत्र्यांचा रखवालदार म्हणाला, सणाच्या दिवशी कुत्रे बांधत नाहीत. त्यांच्यातून अन्न न्यायचे तर त्याची परवानगी हवी. तीही मिळाली. दिवाणखान्याचा द्वारपाल मात्र म्हणाला, शिंग घेऊन फक्त डॅपिफरला आत सोडता येते.

"मीच डॅपिफर," विमंड म्हणाला.

"पुरावा?"

"परवा ताट नेलं की सिद्ध होईल."

"मग परवा ताट आत नेलं की आत या," द्वारपाल समजुतीच्या सुरात म्हणाला. "तोवर बाहेर थांबा."

या वाक्यावर विमंडने घरी येऊन पुष्कळ विचार केला. त्या संध्याकाळी तो पेअरच्या झाडाखाली एकटाच बसला. फळे पिकून जड झाली होती. एखादे अधूनमधून आपसूक गळे आणि गवतात पडताना इतका हलका आवाज करी, की जणू कुणी मनातल्या मनात 'हो' म्हटले. इतकी वर्षे हे झाड त्याने गृहीत धरले होते. जमीन, छप्पर, कुंपणाला टेकणारी ही बडबडी माणसेही. पदवी तेवढी त्याने रोज पुसून-पुसून लखलखीत ठेवली. आता वाटत होते, पदवी घ्या बाबांनो, आणि बाकीचे राहू द्या.

"अहो, आत या," गुन्नोरा दारातून म्हणाली. "जे व्हायचं ते होईल. रस्सा मी वाढते. तुम्ही हात लावू नका."

संत मायकेलचा दिवस लख्ख उगवला. आदल्या रात्री मात्र पाऊस झाला होता, आणि आवारात कणकेसारखा चिखल होता. सगळे गाव दोन्ही बाजूंना उभे राहिले. दिवाणखान्याचे दार उघडे होते. आत धनी फुल्क बसले होते, आणि दाराबाहेर बाजूला मेजावर कागद मांडून सिल्व्हेस्टर. दाराजवळच, भिंतीला टेकून, जुन्या सवयीने उभे राहावे तसा एल्रिक.

आचाऱ्याने हंस ताटात ठेवला. सोनेरी, चकाकता, चोचीत निम्मे सफरचंद आणि निम्मा पेअर. तडजोड सिल्व्हेस्टरची होती. विमंडने ताट उचलले, आगीकडे तोंड केले आणि पहिले पाऊल मागे टाकले.

शिंग वाजले. खरेच वाजले! थर्स्टनच्या डोळ्यांत पाणी आले. लाल पाय, हिरवा पाय, लाल पाय. कुत्रे उठले, पण अंगभर कातडे घातलेला, तोंडाला शिंग फुटलेला आणि उलटा चालणारा हा प्राणी त्यांच्या माहितीतला नव्हता. ते शेपूट घालून लांब झाले. वीस पावले. चाळीस. लोक कुजबुजत मोजू लागले. साठीला लेफविनने मोठ्याने आपल्या हातमोज्यांचे कौतुक केले आणि नेमक्या त्याच वेळी त्यांत हंसाची चरबी झिरपू लागली. सत्तर. ऐंशी. एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी…

"उंबरा!" गुन्नोरा ओरडली.

माणसाला हाक मारली की तो मागे वळून पाहतो, हा निसर्गनियम आहे. विमंडने वळायचा प्रयत्न केला. कड्याने मान अडवली, टाच उंबऱ्याला लागली, आणि चरबीने निसरड्या झालेल्या हातमोज्यांतून ताट निसटले. हयातीत त्या हंसाने कधी घेतली नव्हती एवढी उंच भरारी त्याने मरणोत्तर घेतली. शिंगातून एक दीर्घ, करुण सूर निघाला. तोल आडवा गेल्यामुळे विमंड पडला तो दाराबाहेर. हंस पडला तोही दाराबाहेरच, चिखलात.

कुणी हसले नाही. ते सर्वांत वाईट होते. आयुष्यभर ज्याच्या हसण्याची त्याने धास्ती घेतली, त्या गावाच्या तोंडून एक चकार शब्द निघेना. विमंड उताणा पडून आभाळ पाहत होता. आभाळ फार स्वच्छ होते. त्यात तीस एकर जमीन कुठे दिसत नव्हती.

सिल्व्हेस्टरची लेखणी कागदावर टेकली. "पहिले ताट," तो लिहिताना उच्चारत होता, "धन्यांपर्यंत पोचले ना—"

"थांबा."

एल्रिक भिंतीपासून सुटून पुढे आला होता. त्याने पेटी मागितली. कुणीतरी धावत जाऊन चर्चमधून अस्थींची पेटी आणली. तोवर सगळे तसेच थांबले, विमंडसुद्धा, कारण उठावे की नाही हे कोणत्याही रीतीत सांगितलेले नव्हते.

पेटीवर हात ठेवून म्हातारा म्हणाला, "त्या दिवशी मी खोटं बोललो. मला आठवतं. सगळं आठवतं."

गावातल्या सर्वांत खऱ्या माणसाच्या तोंडचे हे वाक्य ऐकून द्वारपालानेसुद्धा टोपी काढली.

"दोन राजघराणी भांडत होती त्या सालची गोष्ट," एल्रिक म्हणाला. "उभी पिकं जाळलेली. मी सात वर्षांचा होतो. सणाच्या दिवशी आम्ही इथं, या दाराशी यायचो. आत जेवण असायचं आणि बाहेर वास. याचे आजोबा हंस घेऊन आले. सरळ चालत. शिंग नाही, मोजे नाहीत."

अकराजणांनी आपापल्या पायांकडे पाहिले.

"आणि इथंच, उंबऱ्याशी, घसरले. हंस चिखलात. तेव्हाचे मोठे धनी आतून म्हणाले, 'चिखलातलं मी खात नाही, द्या टाकून.' आम्ही खाल्लं. मला डावी तंगडी मिळाली. चार दिवसांनी पोटात काही गेलं होतं. दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता, चिखल नव्हता, तरी म्हातारा घसरलाच. तिसऱ्या वर्षी मी नीट बघितलं. उंबऱ्याशी आला, थांबला, मान वळवून आम्ही किती पोरं आहोत ते मोजलं. आणि मग घसरला."



"मग तेव्हा का सांगितलं नाहीत?" सिल्व्हेस्टरने विचारले.

"तुम्ही लिहिलं असतंत, 'सेवेत कसूर'. त्याचा घास खाल्लाय मी, कारकूनसाहेब. त्याचं नाव कसं खाऊ? साठ वर्षं गप्प होतो. वर्षाला एक मोळी तेवढी नेऊन ठेवायचो. पण आज गप्प बसलो असतो तर ती तंगडी आता घशात अडकली असती."

सिल्व्हेस्टरने लेखणी खाली ठेवली. विचार करताना तो प्रथमच माणसासारखा दिसला.

"तीनही वर्षं मोठ्या धन्यांच्या डोळ्यांदेखत पडला?"

"हो. पुढंही पडतच राहिला."

"आणि त्यांनी जमीन काढून घेतली नाही?"

"नाही."

"एकदा पडला तर चूक," सिल्व्हेस्टर सावकाश म्हणाला. "दोनदा पडला तर सवय. तीनदा पडला आणि हरकत कुणी घेतली नाही, तर ती रीत. सनदेत 'आगीपासून' एवढंच शिल्लक आहे. 'कुठपर्यंत' हे आता शपथेवर आलं: उंबऱ्याच्या बाहेरपर्यंत." त्याने मान वर केली. "इतर अकराजणांचं काय म्हणणं?"

"पडायचा!" थर्स्टन गरजला. "माझे आजोबा सांगायचे. आवाज नदीपर्यंत—"

"पुरे."

"पडायचा, पडायचा," बाकीचे म्हणाले. ओस्मंड तर दर वर्षी दोन हंस पडत म्हणून सांगणार होता. पण त्याच्या बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

आतून धनी फुल्क दारापर्यंत आले. चिखलातल्या हंसाकडे आणि त्याच्याशेजारच्या विमंडकडे त्यांनी आळीपाळीने पाहिले. सगळे गमावून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तशी एक ओढलेली रेघ त्यांच्या तोंडाशी होती. ती जरा हलली.

"मग या सणाला माझ्या वाट्याला काय येतं?"

"दुसरं ताट, धनी," एल्रिक म्हणाला. "ते कधीच पडलं नाही."

फुल्क हसले, आणि मग गावही हसले. सतरा दिवसांचे साठलेले हसू होते ते. विमंडला ते चिखलात पडल्या पडल्या अंगावर ऊन यावे तसे वाटले. सिल्व्हेस्टरने लिहिले: पहिला हंस रीतीप्रमाणे पडला. हंस धुऊन, वाटून लोकांनी खाल्ला. डावी तंगडी विमंडने स्वतःच्या हाताने एल्रिककडे नेली. सात पावले होती. सांडले नाही.

"बाबा," तो म्हणाला, आणि तंगडी पुढे केली.

"दात नाहीत मला," एल्रिक म्हणाला. "बारीक करून दे."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण रीत ही अशी वस्तू आहे, की ती एकदा लिहिली की दर वर्षी येते. पाद्रीबाबांनी कबुली दिलेल्या एल्रिकला माफ करून अकराजणांना खोट्या साक्षीबद्दल नाताळापर्यंत दर शुक्रवारी पाव आणि पाणी एवढ्यावर राहण्याचे प्रायश्चित्त दिले, आणि विमंडही आपण होऊन त्यांच्यात बारावा बसला. साक्ष खोटी होती हे देवाघरी मान्य झाले. कागदावरून मात्र तिला काढणार कोण? शिंग, हातमोजे, उलटी पावले सगळे राहिले. त्यात आता पडण्याची भर.

दुसऱ्या वर्षी विमंड पुन्हा निघाला. शिंग वाजले, कुत्रे लांब झाले, हंस चकाकला. पण वर्षभराच्या सरावाने एक भयंकर गोष्ट घडली होती: विमंडला चालता येऊ लागले होते. चौऱ्याऐंशी पावले तो पाण्यावरून तरंगावे तसा आला. उंबऱ्याशी टाच अलगद टेकली. ताट स्थिर. हंस स्थिर. त्याने पडायचा प्रयत्न केला, शरीर ऐकेना. आणखी एक पाऊल, आणि सेवेत कसूर, आणि जमीन, आणि झाड. दाराशी उभ्या असलेल्या पोरांनी श्वास रोखले. एल्रिकने डोळे मिटले.

मग डाव्या बाजूने एक पाय आला. लाकडी तळाचा, ओळखीचा, ठाम.

हंस उडाला. गावाने टाळ्या वाजवल्या. विमंड चिखलात बसून शिंगातला गाळ काढत होता, तेव्हा गुन्नोरा झग्याच्या टोकाने त्याचे तोंड पुसायला वाकली.

"अगं, कुणाचा होता गं तो पाय?"

"कुणाचा असणार? डॅपिफरच्या बायकोचा," ती म्हणाली. "हलू नका. कानात अजून आहे."

तो हलला नाही. पलीकडे पोरे हंसावर तुटून पडली होती आणि त्यांच्यात एक म्हातारा आपल्या तंगडीची वाट पाहत उभा होता. विमंडने मान वळवून ती पोरे मोजली. नऊ होती.

"पुढल्या वर्षी," तो म्हणाला, "आचाऱ्याला सांग, जरा मोठा हंस घ्यायला."